मरोळ गावचे कार्डिनल

२०२५ च्या मे महिन्यात जबलपूरला आत्याकडे गेले होते. ऊन असं की दुपारी गोरखपूरच्या बाजारात चिटपाखरू दिसत नव्हतं. रात्री जेवणं उरकली आणि सगळे कूलरसमोर, म्हणजेच टीव्हीसमोर, येऊन बसले. खरं तर ती आत्याच्या मालिकेची वेळ. पण रिमोट आतोबांच्या हातात होता आणि पडद्यावर होतं रोम. एका छपरावरची बारीकशी चिमणी, तिच्यातून निघणारा पांढरा धूर आणि खाली चौकात आनंदानं ओरडणारी माणसंच माणसं. नवे पोप निवडून आले होते.

"एवढे लाल झग्यातले म्हातारे दोन दिवस आत कोंडून घेऊन करत काय होते गं?" आत्यानं विचारलं. "तू पेपरवाली ना, सांग!"

मी सांगितलं, ते कार्डिनल. पोपची निवड तेच करतात. या वेळी १३३ जण मतदानाला बसले होते, त्यांत चार भारतीय.

"त्यांत आपलं मराठी कोणी?"

इथे मी अडखळले. गोव्याचे आर्चबिशप फिलिप नेरी फेर्राव त्या चौघांत होते, पण ते कोकणीभाषक. मुंबईचे ओस्वाल्ड ग्रेशियस यांना त्याआधीच्या डिसेंबरात ऐंशी वर्षं पूर्ण झाली आणि ऐंशीनंतर मताचा हक्क जातो. मराठी... मराठी कोण बरं? तेवढ्यात शेजारच्या टीचर डबा परत द्यायला आल्या होत्या, त्या दारातूनच म्हणाल्या, "अहो, आमच्या मरोळचे होते ना! कार्डिनल पिमेंटा. पण त्यांना पोप निवडायला कधी मिळालंच नाही."

टीचर म्हणजे इथल्या एका कॉन्व्हेंट शाळेतून निवृत्त झालेल्या बाई. जबलपूरला येऊन त्यांना पस्तीस वर्षं झाली. हिंदी अस्सल जबलपुरी बोलतात, पण आत्याशी मराठीतच. माहेर मुंबईचं, ईस्ट इंडियन. त्यांच्या त्या एका वाक्यानं माझी झोप उडवली. कार्डिनल व्हायचं आणि पोप कधीच निवडायचा नाही? मग हा माणूस आयुष्यभर करत काय होता?

आधी आत्याचा मूळ प्रश्न. कार्डिनल म्हणजे नक्की कोण? आतोबांची सगळी नोकरी गन कॅरेज फॅक्टरीत गेली, त्यामुळे त्यांनी जगाचा तक्ता आपल्या पद्धतीनं मांडला. पोप म्हणजे जनरल मॅनेजर, कार्डिनल त्यांचे डेप्युटी, बिशप म्हणजे शॉपचा मुख्य आणि सदरच्या चर्चमधले फादर म्हणजे फोरमन. ऐकायला छान, पण तसं नाही. मुंबईच्या कार्डिनलनी जबलपूरच्या बिशपना हुकूम सोडला असं होत नाही. प्रत्येक बिशप आपल्या धर्मप्रांतापुरता स्वतंत्र असतो आणि थेट पोपना जबाबदार असतो. जबलपूरचंच बघा. १९३२ मध्ये हा भाग वेगळा काढून हॉलंडच्या नॉर्बर्टाइन पंथाच्या मिशनऱ्यांकडे सोपवला गेला. १९५४ मध्ये त्याचा रीतसर धर्मप्रांत झाला आणि कॉनराड डुबेलमान पहिले बिशप झाले. त्यांच्यामागून आलेले लिओबार्ड डिसोझा १९७५ मध्ये इथून नागपूरला आर्चबिशप म्हणून गेले. या सगळ्यात कार्डिनल कुठे येतो? कुठेच नाही. जबलपूरचा कारभार कार्डिनलवाचून चालला आहे आणि उत्तम चालला आहे.

कार्डिनल हा पोपनी दिलेला मान. हा मान मिळालेल्यांनी पोपना सल्ला द्यायचा आणि पोपची जागा रिकामी झाली की नवे पोप निवडायचे. पूर्वी रोमचे बिशप, म्हणजेच पोप, रोममधले पाद्री निवडत असत. त्या जुन्या रीतीची आठवण म्हणून आजही प्रत्येक कार्डिनलला रोममधलं एखादं चर्च नावापुरतं बहाल होतं. मग तो माणूस मुंबईचा असो की मनिलाचा, कागदावर रोमचा पाद्री होतो! लाल रंग रक्ताचा. वेळ पडली तर श्रद्धेसाठी रक्त सांडीन, असा त्याचा अर्थ. पण हे सगळं समारंभापुरतं. समारंभ आटोपला की माणूस परत आपल्या टेबलाशी येऊन बसतो. पुष्कळांच्या बाबतीत ते टेबल म्हणजे एखाद्या मोठ्या शहराच्या चर्चची कचेरी असते.

सायमन पिमेंटांची सारी कहाणी या टेबलाभोवती फिरते.

त्यांचा जन्म १ मार्च १९२० चा, मरोळचा. आजचं मरोळ म्हटलं की मेट्रोचं स्टेशन, विमानतळाची वर्दळ आणि काचेच्या इमारती आठवतात. तेव्हा ते साष्टी बेटावरचं भातशेतीचं गाव होतं. जवळच, आजच्या सीप्झच्या कुंपणात, १५७९ मध्ये पोर्तुगीजांनी बांधलेल्या एका चर्चचे भग्न अवशेष अजून उभे आहेत. १८४० च्या सुमारास साथीच्या रोगानं माणसं ती वस्ती सोडून निघाली आणि त्यांचं चर्चही मरोळला आलं. साष्टी-वसईकडच्या कोळी, कुणबी, भंडारी अशा अनेक जातींतल्या माणसांनी पोर्तुगीज काळात धर्म बदलला, आडनावं बदलली, पण जेवण, दागिने आणि बोली मात्र पुष्कळशी जुनीच ठेवली. हेच ते ईस्ट इंडियन. मुंबईच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या माणसांना 'ईस्ट इंडियन' का म्हणायचं, हा प्रश्न मलाही पडला होता. नोकऱ्यांसाठी गोवा आणि मंगळूरकडून आलेल्या कॅथलिकांहून आपण वेगळे, इथलेच, हे इंग्रज सरकारला कळावं म्हणून १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, त्यांनी हे नाव घेतलं. नावात इंग्रजी, आडनावात पोर्तुगीज आणि घरात मराठी! पिमेंटा या शब्दाचा पोर्तुगीजमध्ये अर्थ मिरी. टीचरांच्या घरचा बाटली मसाला ज्यानं चाखला असेल त्याला हे आडनाव फारच पटेल.

पिमेंटांना २१ डिसेंबर १९४९ रोजी पाद्रीपदाची दीक्षा मिळाली. हे साल लक्षात ठेवा, कारण मुंबईच्या चर्चमध्ये त्या वेळी खुर्चीची एक विलक्षण गोष्ट चालली होती.

मुंबईच्या कॅथलिकांवर अधिकार कोणाचा, पोर्तुगालच्या राजसत्तेचा की थेट रोमचा, हा वाद शतकांचा. एका गल्लीतली दोन चर्चं दोन वेगळ्या बिशपांची, असाही काळ होता. १९२८ मध्ये त्यावर तोडगा निघाला, तो असा की मुंबईचा आर्चबिशप आळीपाळीनं एकदा पोर्तुगीज असेल आणि एकदा ब्रिटिश. भारतीय कधीच नाही! या वाटणीत आधी पोर्तुगीज लिमा आले, मग १९३७ मध्ये थॉमस रॉबर्ट्स नावाचे इंग्रज जेझुइट. या रॉबर्ट्सना उमगलं की देश स्वतंत्र व्हायच्या बेतात आहे आणि या खुर्चीवर आता इथलाच माणूस हवा. पण करार आड येत होता. मग त्यांनी काय केलं? १९४६ मध्ये व्हॅलेरियन ग्रेशियस या भारतीय पाद्रींना आपले साहाय्यक बिशप करून घेतलं, कारभार त्यांच्या हाती दिला आणि स्वतः देश सोडून निघून गेले. आर्चबिशप कागदोपत्री रॉबर्ट्स, काम करणारे ग्रेशियस. चार वर्षं हे असं चाललं. १९५० मध्ये पोर्तुगालनं आपला हक्क सोडला, रॉबर्ट्सनी राजीनामा दिला आणि त्या डिसेंबरात ग्रेशियस मुंबईचे पहिले भारतीय आर्चबिशप झाले. १९५३ च्या जानेवारीत ते भारताचे पहिले कार्डिनलही झाले.

आतोबांना ही गोष्ट सांगितली तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "खुर्ची रिकामी करायला चार वर्षं बाहेर राहिला? आमच्याकडे एक्स्टेंशनसाठी माणसं दिल्लीला खेटे घालायची!" ते स्वतः निवृत्त झाले त्याला सहा वर्षं झाली. तरी रोज सकाळी साडेसातला शर्ट-पँट घालून तयार असतात. आत्या म्हणते, चहा मी देते, सही मात्र कुठे घ्यायची ते कळत नाही.

तर, खुर्चीच्या या उलथापालथीतून नवी व्यवस्था उभी राहत होती आणि तिला कायदा जाणणारी, फायली सांभाळणारी माणसं हवी होती. तरुण पिमेंटा रोमला गेले आणि १९५४ मध्ये धर्मकायद्यात डॉक्टरेट घेऊन परतले. मग आर्चबिशपांचे सेक्रेटरी, कचेरीत व्हाइस चान्सलर, पुढे नव्या पाद्रींच्या प्रशिक्षणाचे प्रमुख आणि गोरेगावच्या सेमिनरीचे रेक्टर अशा एकेक पायऱ्या ते चढले. यांतली एकही जागा वर्तमानपत्रात फोटो येईल अशी नाही. १९६४ मध्ये पोप सहावे पॉल मुंबईला आले. भारतात पाऊल ठेवणारे ते पहिले पोप. त्यांच्या स्वागताला उभे होते ते कार्डिनल ग्रेशियस. रुबाबदार माणूस आणि फर्डा वक्ता. १९६६ मध्ये सरकारनं त्यांना पद्मविभूषण दिला. पिमेंटांचा पिंड निराळा. तो कागदाचा माणूस.

'कागदाचा माणूस' हे मी कौतुकानं म्हणते आहे. चर्चच्या कचेरीत नेमकं काय चालतं हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असतं, म्हणून थोडं सविस्तर सांगते.

प्रत्येक धर्मग्रामात, म्हणजे एका चर्चच्या हद्दीत, बाप्तिस्म्याची एक नोंदवही असते. मूल जन्मलं, बाप्तिस्मा झाला की त्यात एक ओळ पडते. नाव, आईबाप, धर्ममाता-धर्मपिता, तारीख. गंमत पुढे आहे. हा मुलगा मोठा होऊन जगाच्या पाठीवर कुठेही लग्न करो, तिथला फादर त्या लग्नाची खबर या मूळ चर्चला कळवतो आणि त्याच जुन्या ओळीसमोर लग्नाची नोंद होते. उद्या तोच मुलगा दुसरीकडे जाऊन 'मी अविवाहित आहे' म्हणू लागला तर? त्याला बाप्तिस्म्याचा ताजा दाखला आणायला सांगतात. साधारण सहा महिन्यांच्या आतला लागतो. जुना, पिवळा पडलेला, फ्रेम केलेला चालत नाही, कारण मधल्या काळात त्या ओळीसमोर काही लिहिलं गेलं आहे का, हेच तर बघायचं असतं! संगणकाच्या कितीतरी आधीपासून, नुसत्या शाई, पोस्टाची पाकिटं आणि वक्तशीर फादर यांच्या बळावर ही व्यवस्था चालत आली आहे. मुलींच्या लग्नासाठी स्थळं बघताना आपण किती चौकशा करतो ते आठवा. मला तर ही रीत फार शहाणपणाची वाटते.

या नोंदवह्या नीट ठेवल्या जातात की नाही हे बघणं हा बिशपच्या कामाचा भाग. धर्मकायदा सांगतो की बिशपनं निदान पाच वर्षांतून एकदा तरी आपला सगळा धर्मप्रांत स्वतः किंवा प्रतिनिधीमार्फत पाहून घ्यावा, आणि अशा भेटीत वह्याही उघडल्या जातात. पाच वर्षांतून एकदा सगळ्या कारभाराचा अहवाल पोपकडे जातो. कचेरीतले कागद लावून सांभाळायला चान्सलर नावाचा अधिकारी असतो. शिवाय एक गुप्त दप्तर असतं. त्याची किल्ली फक्त बिशपकडे, चान्सलरकडेसुद्धा नाही. लग्न मुळात वैध होतं का, असा खटला चर्चच्या न्यायासनापुढे आला तर त्यात लग्नाच्या बाजूनं बोलणारा एक खास अधिकारी नेमलेला असतो. नवरा-बायको दोघंही 'आमचं लग्न खरं नव्हतं' म्हणत असली, तरी त्यानं लग्नाची बाजू लढवायची! असं पद आपल्या फॅमिली कोर्टात असतं तर काय बहार आली असती, हे आत्याचं मत.

शाळा, दवाखाने, अनाथाश्रम, जमिनी, पाद्रींच्या बदल्या, बदलीमुळे रुसलेले पाद्री आणि 'आमचे फादर बदलू नका' म्हणून शिष्टमंडळ घेऊन येणारे गावकरी. मुंबईसारख्या शहरात हा सगळा व्याप सांभाळायचा म्हणजे महापालिकेची एखादी लहान आवृत्तीच. जून १९७१ मध्ये पिमेंटा साहाय्यक बिशप झाले. फेब्रुवारी १९७७ मध्ये त्यांना 'वारसाहक्कासह' सहबिशप नेमलं गेलं. म्हणजे खुर्ची रिकामी होताच वेगळ्या नेमणुकीची वाट न बघता हाच माणूस बसणार. ११ सप्टेंबर १९७८ ला कार्डिनल ग्रेशियस वारले आणि त्याच दिवशी पिमेंटा मुंबईचे आर्चबिशप झाले. ज्यांच्या हाताखाली कचेरीत पहिला कागद हाताळला असेल, त्यांच्याच खुर्चीवर बसायचं. त्या दिवशी ते टेबल त्यांना कसं दिसलं असेल?

मरोळच्या घरात मराठी बोलत वाढलेला मुलगा आता अशा महाधर्मप्रांताचा प्रमुख होता, जिथे इंग्रजी, कोकणी, मराठी, तमिळ, मल्याळम सगळ्या भाषा बोलणारे कॅथलिक होते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर मिस्सा लॅटिनऐवजी लोकांच्या भाषेत होऊ लागली. पण मुंबईत लोकांची भाषा कोणती? शहरात इंग्रजीचा जोर. वसईकडे मात्र मराठीशिवाय पान हलत नाही आणि तेव्हा वसई मुंबईच्याच महाधर्मप्रांतात होती. साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद पुढे २०२० मध्ये ज्यांनी भूषवलं ते फादर फ्रान्सिस दिब्रिटो याच वसईचे, आणि मराठीतून 'सुवार्ता' मासिक चालवत होते ते याच काळात. १९९८ मध्ये वसईचा वेगळा धर्मप्रांत झाला आणि तिथले पहिले बिशप थॉमस डाबरे हेही मराठी लिहिणारे-बोलणारे. पण तोवर पिमेंटा निवृत्त झाले होते.

त्यांच्या कारकिर्दीतलं एक काम विशेष वाटतं. ऐंशीच्या दशकात मुंबईत छोटे ख्रिस्ती समूह सुरू झाले. एका चर्चच्या हद्दीत हजारो माणसं, एकमेकांना ओळखत नाहीत, रविवारी शेजारी बसून घरी जातात. म्हणून चाळी-इमारतींमधल्या शेजारच्या काही कुटुंबांनी मिळून प्रार्थना करायची आणि एकमेकांच्या अडीअडचणी बघायच्या. कल्पना साधी आहे, पण ती शहरभर राबवायची तर पुन्हा तेच, याद्या, बैठका आणि पाठपुरावा. कागदाच्या माणसाचं काम.

१९८२ ते १९८८ ते भारतीय कॅथलिक बिशपांच्या परिषदेचे अध्यक्ष होते. म्हणूनच फेब्रुवारी १९८६ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल भारतात आले तेव्हा यजमानपण दुहेरी, देशाचं आणि मुंबईचंही. दादरच्या शिवाजी पार्कवर पोपनी मिस्सा केली. ज्या मैदानानं राजकारण्यांच्या तोफा आणि क्रिकेटमधले षटकार पाहिले, तिथे त्या दिवशी पांढऱ्या झग्यातले पोप उभे होते.

एवढं सगळं होऊनही लाल टोपी आली नव्हती. मुंबईचा आर्चबिशप म्हणजे आपोआप कार्डिनल, असा समज आहे. पिमेंटांनी खुर्चीवर बसल्यावर दहा वर्षं वाट पाहिली. २८ जून १९८८ ला दुसरे जॉन पॉल यांनी त्यांना कार्डिनल केलं. ईस्ट इंडियन समाजातले पहिले. रोममध्ये नावापुरतं जे चर्च मिळालं ते तोरे स्पाकाता नावाच्या वस्तीतलं. प्राचीन संगमरवराचं रोम ते नव्हे, शहराच्या पूर्वेकडचं उपनगर. मरोळच्या माणसाला रोममध्येही उपनगरच मिळालं, याची मला उगाच गंमत वाटली.

लाल टोपीनं त्यांच्या टेबलावरचा एकही कागद कमी झाला नाही. उलट शहराचे कठीण दिवस पुढेच होते. १९९२ च्या डिसेंबरातल्या आणि १९९३ च्या जानेवारीतल्या दंगली, मार्चमधले बॉम्बस्फोट, हे सगळं शहरानं सोसलं तेव्हा आर्चबिशप पिमेंटाच होते.

आता टीचरांच्या त्या वाक्याकडे येऊ. पोप निवडण्याचा हक्क कार्डिनलला ऐंशी वर्षांचा होईपर्यंत. हा नियम १९७१ पासूनचा. पिमेंटांना हक्क मिळाला जून १९८८ मध्ये आणि ऐंशी वर्षं पूर्ण झाली १ मार्च २००० ला. या पावणेबारा वर्षांत पोप होते दुसरे जॉन पॉल, १९७८ मध्ये निवडून आलेले. ते वारले एप्रिल २००५ मध्ये. म्हणजे पिमेंटा ज्या काळात मत देऊ शकत होते त्या काळात निवडणूकच झाली नाही! ग्रेशियस यांनी १९५८ आणि १९६३ अशा दोन निवडी केल्या. तिसरीच्या, ऑगस्ट १९७८ च्या वेळी ते आजारी होते. पिमेंटांनंतरचे आयव्हन डायस २००५ आणि २०१३ मध्ये आत होते. २०१३ मध्ये ओस्वाल्ड ग्रेशियसही. पिमेंटा मात्र त्या चिमणीखाली कधीच बसले नाहीत. ज्या एका कामासाठी जग कार्डिनलना ओळखतं, तेच त्यांच्या वाट्याला आलं नाही.

त्यांच्या वाट्याला आणखी एक गोष्ट आली, ती खुर्चीवरून उठण्याची. पंचाहत्तरी गाठली की बिशपनं पोपकडे राजीनामा पाठवायचा असतो. मंजूर कधी करायचा ते पोपनी ठरवायचं. पिमेंटांचा राजीनामा ८ नोव्हेंबर १९९६ ला मंजूर झाला, वयाच्या शहात्तराव्या वर्षी, आणि त्याच दिवशी आयव्हन डायस यांची नेमणूक झाली. डायस म्हणजे अगदी दुसरं टोक. वांद्र्याला जन्मलेले गोंयकार, व्हॅटिकनच्या परराष्ट्र सेवेत आयुष्य काढलेले. घाना, टोगो, बेनिन, दक्षिण कोरिया आणि मग कम्युनिस्टांनी धर्मावरच बंदी घातलेला अल्बेनिया. इतके देश पाहून आलेला मुत्सद्दी आता मरोळच्या माणसाच्या खुर्चीत बसला. २००६ मध्ये डायस रोमला गेले, जगभरच्या धर्मप्रसाराच्या खात्याचे प्रमुख म्हणून. त्यांच्या जागी आले ओस्वाल्ड ग्रेशियस, पिमेंटांच्या काळात याच कचेरीत चान्सलर राहिलेले. २०२५ च्या जानेवारीत तेही निवृत्त झाले आणि जॉन रॉड्रिग्ज आले.

निवृत्तीनंतर पिमेंटा जवळजवळ सतरा वर्षं जगले. त्याच शहरात, तीच खुर्ची दुसऱ्याकडे, मग तिसऱ्याकडे जाताना पाहत. त्यांनी आठवणी लिहिल्या. १९ जुलै २०१३ ला वारले तेव्हा त्र्याण्णव वर्षांचे होते. आतोबांना मी ही सतरा वर्षं मुद्दाम सांगितली. त्यांनी आकडा दोनदा विचारून घेतला. "आणि मधे मधे जाऊन सांगत नव्हते ना, आमच्या वेळी असं नव्हतं म्हणून?" ते मला ठाऊक नाही, म्हटलं. त्यावर आत्या त्यांच्याकडे बघून हसली. मागच्याच आठवड्यात आतोबा फॅक्टरीतल्या जुन्या सेक्शनला 'सहज' चक्कर मारून आले होते.

निघायच्या आदल्या संध्याकाळी टीचरांकडे गेले. त्यांच्या मुलाचं लग्न ठरलं होतं. मुलगी जबलपूरचीच, लग्न सदरच्या सेंट पीटर अँड पॉल कॅथेड्रलमध्ये. टेबलावर पत्रिकांचे नमुने, खव्याची जिलेबी आणि मुंबईहून आलेलं एक पाकीट. पहिलं बाळंतपण माहेरी, या आपल्याकडच्या रीतीप्रमाणे टीचर १९९३ मध्ये मुंबईला गेल्या होत्या आणि मुलाचा बाप्तिस्मा तिथेच झाला होता. दंगली नुकत्याच होऊन गेलेल्या. समारंभ कसला, घरची दहा माणसं आणि अंधार पडायच्या आत सगळे परत. "फोटो एकच आहे," त्या म्हणाल्या, "आणि त्यातही फादरांची पाठ."

पाकिटात बाप्तिस्म्याचा ताजा दाखला होता. पुष्कळ दिवस वाट बघायला लावून आला होता, म्हणून घरात थोडी धाकधूक होती. तारीख, नावं, टीचरांचं माहेरचं आडनाव, सगळं जसंच्या तसं. त्या गडबडीच्या दिवसांतही कुणीतरी ती ओळ नीट अक्षरात लिहून ठेवली होती. खाली विवाहाच्या नोंदीसाठी एक जागा, तिथे आडवी रेघ.

"लग्न झालं की इथले फादर तिकडे कळवतील," टीचर दाखला परत पाकिटात घालत म्हणाल्या, "मग ही रेघ भरेल." आणि आतोबांना जिलेबीची बशी नेऊन द्यायला त्यांनी मला उठवलं.